एक्केचाळीस नंबरची डबी

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. लपवून उपयोग नाही, कारण पुढे जे घडलं त्याची सुरुवात माझ्याच तोंडाने झाली होती. आमची आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही, आणि देवाने नोकरी दिली तीही लोकांना प्रश्न विचारायची.

नांदेडला एका दवाखान्यात मी नव्यानेच लागले होते. तिथल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांनी एक अभ्यास हाती घेतला होता. ज्यांना एकदा हार्टचा हलका झटका येऊन गेला आहे, गोळ्या चालू आहेत, पण 'आता पुन्हा आला तर?' या काळजीने जे घरात खुर्ची धरून बसले आहेत, अशा माणसांना रोज चालायला लावायचं. सहा महिने. आणि बघायचं की त्यांचं बीपी, नाडी, वजन आणि मनावरचा ताण यात काय फरक पडतो. प्रत्येकाच्या कमरेला एक काळी डबी, काडेपेटीएवढी. ती पावलं मोजायची. डबीवर त्या माणसाचा नंबर, तोही माझ्या अक्षरात. महिन्यातून एकदा मी घरी जायचं, डबीतले आकडे उतरवायचे, बीपी घ्यायचं, ईसीजी काढायचा आणि एक छापील कागद भरून घ्यायचा. लातूरची माणसं माझ्या वाट्याला आली, कारण माझं घर लातूरला. घरच्या भाकरीची सोय आणि वर सरकारी प्रवास, असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या.

त्या छापील कागदावर एक प्रश्न होता: गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा अस्वस्थ वाटलं? खाली पाच चौकोन. कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, रोज. आता मला सांगा, आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कोण सांगतं की मला रोज अस्वस्थ वाटतं? पाहुणी आलीय, हातात चहाचा कप आहे, आणि तिच्यापुढे रडगाणं गायचं? सगळे पहिल्या चौकोनावर बोट ठेवायचे. चाकूरकडच्या एका म्हातारबांच्या घरात तर परवाच सुतक संपलं होतं, तरी 'कधीच नाही'.

एक्केचाळीस नंबर म्हणजे आमचे गुरुजी. आमच्या घराची आणि त्यांच्या घराची भिंत एकच. चौथीत त्यांनी मला गणित शिकवलं, म्हणजे माझा उजवा कान त्यांच्या चांगल्या ओळखीचा. मावशी, म्हणजे त्यांच्या मंडळी, आदल्या वर्षी गेल्या आणि सहा महिन्यांत गुरुजींना झटका आला. मुलगा पुण्याला. चांगला मुलगा हो, नाव ठेवायला जागा नाही. दर रविवारी फोन करून एकच म्हणायचा, इकडे या, एकटे राहू नका. गुरुजींना ते घर सोडवत नव्हतं. मावशींनी लावलेली जाई अजून दारात होती, शाळेतली पोरं रस्त्यात थांबून पाया पडत होती आणि भिंतीपलीकडे आमचे अण्णा होते. पुण्याच्या सातव्या मजल्यावर यातलं काय नेणार?

म्हणून अभ्यासात नाव गेलं तेव्हा गुरुजी फार खूश झाले. संमतीपत्र मी वाचायला दिलं, तर त्यांनी आधी तांबडा पेन काढून त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या, मग सही केली. आणि त्या रविवारी मुलाला फोनवर ठासून सांगितलं की नांदेडच्या डॉक्टरांचा अभ्यास चालू आहे, महिन्याच्या महिन्याला तपासणी घरी येते, असं मध्येच सोडून कसं येता येईल? मुलाचं तोंड बंद. तो अभ्यास म्हणजे गुरुजींना लातूरमध्ये राहायचा परवाना होता. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं, म्हणूनच जास्त लागतं.

आता अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या स्टँडावर कंट्रोलर होते. गाड्या लावायच्या, सोडायच्या, ड्यूट्या वाटायच्या आणि भोंग्यातून पुकारायचं. आवाज असा की आईने हळू बोला म्हटलं तरी तीन घरांना ऐकू जायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी चालायला साफ नकार दिला होता. म्हणायचे, तीस वर्षं मी गाड्या हलवल्या, आता मी कशाला हलू? रोज सकाळी सहाला गुरुजी आमच्या ओट्यावर यायचे, दोघे चहा घ्यायचे आणि एकमेकांची खोड काढत बसायचे. ते त्यांना कंट्रोलर म्हणायचे, हे त्यांना गुरुजी. उभ्या आयुष्यात मी त्या दोघांना एकमेकांचं नाव घेताना ऐकलं नाही.

अभ्यास सुरू झाल्यावर ओट्यावरचा चहा गल्लीमागच्या शाळेच्या मैदानावर गेला. गुरुजी फेऱ्या मारायचे आणि अण्णा लिंबाखालच्या कट्ट्यावर थर्मास घेऊन बसायचे. गुरुजी समोरून गेले की पुकारायचे, 'लातूर-लातूर गाडी, फेरी नंबर चार, दहा मिनिटं लेट.' मैदानावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. ते दिवस आठवले की अजून मला घरी जावंसं वाटतं, ज्या घरी आता कुणी नाही.

पहिले दोन महिने आकडे उत्तम. तिसऱ्या महिन्यात मी गेले तेव्हा उन्हाळा होता. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत उभी आले होते, त्यात चाकूरला बस अर्धा तास बंद पडली. डोकं आधीच तापलेलं. गुरुजींची डबी उघडते तर काय, कुठे आठशे पावलं, कुठे नऊशे. एक दिवस तर चारशे. माझा तोंडाचा पट्टा सुटला. म्हटलं, गुरुजी, पाढा चुकला की तुम्ही माझा कान पिळायचात, आता मी काय पिळू? हे आकडे घेऊन गेले तर तिथे म्हणतील, हिला आपल्या गल्लीतली माणसंसुद्धा चालवता येत नाहीत. माझी नोकरी जाईल अशानं.

नोकरी जाणार नव्हती. एका माणसाचे आकडे कमी आले म्हणून कुणाची नोकरी जात नाही. उलट कमी का आले, हे शांतपणे विचारायचं, हेच माझं काम होतं. मी रागाच्या भरात बोलून गेले. गुरुजी खाली बघून म्हणाले, पुढच्या महिन्यात भरून काढतो. चौथीच्या वर्गात गृहपाठ न केलेलं पोरगं म्हणतं ना, अगदी तसं. मग मी कागद काढला. छातीत दुखतं का? नाही. दम लागतो का? नाही. किती वेळा अस्वस्थ वाटलं? कधीच नाही. मी खुणा केल्या आणि आईच्या हातची सुशीला खायला भिंतीपलीकडे गेले. चुरमुऱ्यांवर वरून शेंगदाण्याचं कूट, अजून चव जिभेवर आहे.

चौथ्या महिन्यात डबी उघडली आणि मी उडालेच. रोज सहा हजारांच्या वर, एकही दिवस खाडा नाही. मी गुरुजींना म्हटलं, बघा, जमतंय की नाही! वर दुधात साखर म्हणजे आमच्या घरातही चमत्कार. अण्णांचं पोट उतरलेलं, बीपी सुधारलेलं, आई तक्रार करत होती की हे हल्ली तीन-तीन भाकरी मागतात. मी समजले, गुरुजींच्या संगतीने अण्णाही चालायला लागले. नांदेडला जाऊन डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, आमच्या गल्लीत तुमचा अभ्यास गोवरासारखा पसरतोय.

गुरुजींचं वजन दोन किलो वाढलं होतं, ते मी लिहून घेतलं. नाडी जरा जोरात होती, तेही लिहून घेतलं. माडीवरची कॉट त्यांनी खाली आणून घेतली होती, ते डोळ्यांनी बघितलं. मला निरोप द्यायला ते फाटकापर्यंत यायचे, या वेळी खुर्चीतूनच हात हलवला, तेही बघितलं. ईसीजी ठीक होता, पण बसल्या जागी काढलेल्या ईसीजीत सगळं दिसतंच असं नाही, हेही मला शिकवलेलं होतं. आकडा भरलेला होता ना, मग मी बाकी कशाचा विचारच केला नाही. पाचव्या महिन्यातही तेच.

त्यानंतर आठवड्याभराने अण्णा नांदेडला माझ्या खोलीवर आले. आईने धपाटे आणि शेंगांची चटणी दिली होती. दुपारची वेळ, घामाघूम होऊन आलेले. आल्या आल्या शर्ट काढून मोरीत तोंड धुवायला गेले. मी टॉवेल द्यायला गेले तर पायजम्याच्या नाडीला अडकवलेली काळी डबी. वर माझ्याच अक्षरात एक्केचाळीस.

म्हटलं, अण्णा, ही तुमच्याकडे कशी? त्यांनी पटकन त्यावर हात ठेवला. म्हणाले, गुरुजीनं ठेवायला दिली, सकाळी घाईत काढायची राहून गेली. पण गाडी अहमदपूरला बिघडलेली असताना 'पाचच मिनिटात फलाटावर लागेल' म्हणणारा आवाज मी लहानपणापासून ओळखते. मी टॉवेल पुढे केला. मग ते टॉवेल खांद्यावर टाकून ट्रंकेवर बसले.

"त्याला दोन फेऱ्यांच्या वर चालवत न्हाई, माय. छाती धरून बसतो."

"कधीपासून?"

"तू ओरडून गेलीस ना, त्याच्या आधीपासून."

पुढचं सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं. मी बोलून गेले त्या संध्याकाळी गुरुजी ओट्यावर आले आणि म्हणाले, कंट्रोलर, माझं नाव कापलं तर पोरगा मला उचलून नेईल, ते एक असो. पण आपल्या पोरीची पहिली नोकरी आहे. तिच्या कामात माझ्यामुळे खोट नको. तेव्हा अण्णांना एसटीतली रीत आठवली. एखाद्या कंडक्टरला बरं नसलं की त्याची ड्यूटी दुसरा करतो. कुणी वर कळवत नाही. गाडी वेळेवर सुटली म्हणजे झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अण्णांनी डबी नाडीला लावली, आयुष्यात पहिल्यांदा मैदानाला फेऱ्या मारल्या आणि गुरुजी थर्मास घेऊन कट्ट्यावर बसले. आता पुकारा ते करायचे. अण्णा म्हणाले, खरं सांगू का, लई मजा येत होती.

मी किंचाळलेच. म्हटलं, अण्णा, ती काय गाडी आहे का वेळेवर सोडायला? गुरुजींचं काळीज आहे ते! आकडे भरलेले बघून तिकडे डॉक्टर समजून बसलेत की हा माणूस सहा हजार पावलं न दमता चालतो. औषध वाढवायचं नाही, तपासणी नाही, काही नाही. दुखतंय हे कळायची एकच वाट होती, आणि तीच तुम्ही दोघांनी बुजवून ठेवली.

अण्णांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. त्यांनी डबी काढून माझ्या हातात दिली.

"म्हंजे मी त्याला मारायला निघालो होतो का?"

मी उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की नाही अण्णा, सुरुवात मी केली, तुम्ही तर त्यांचं दुखणं झाकायला नाही, माझं नाव राखायला चाललात. ते वाक्य माझ्या तोंडातून त्यांच्या हयातीत कधी निघालं नाही. इतकं तोंड चालवणारी मी, आणि नेमकी तिथे गप्प बसले.

आणि खोटं कशाला बोलू, स्टोव्हवर चहाला उकळी येईपर्यंत माझ्या मनात पाप आलं होतं. गुरुजींना साधा पेशंट म्हणून दाखवून आणावं, डबीचं कुणाला सांगूच नये. आपलेच दात, आपलेच ओठ. वडिलांनी केलं, मुलीने आकडे उतरवले, लोक काय म्हणतील? मग कट्ट्यावर छाती धरून बसलेले गुरुजी डोळ्यांपुढे आले. चहा तसाच ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, त्यांना आता बसल्या जागी दुखतंय का? नसेल तर उद्या सकाळी गाडीने आणा, एक पाऊल चालवू नका, आणि दुखलं तर आत्ताच्या आत्ता तिथल्या दवाखान्यात. माझी खरडपट्टी त्यांनी नंतर काढली, सगळ्यांसमोर, आणि व्यवस्थित काढली.

अण्णा आणि मी त्याच पावली लातूरला निघालो. धपाटे खोलीवरच राहिले. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एकाची जीप ठरवून गुरुजींना आणलं. इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. मला बघून त्यांनी पहिलं काय विचारावं? "आकडे चुकले का गं?"

मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं नोकरी गेली म्हणून रडतेय. अहमदपूर येईपर्यंत ते माझी समजूत काढत होते, आणि अण्णा पुढच्या सीटवर ड्रायव्हरच्या शेजारी बसून समोरचा रस्ता बघत होते.

अँजिओग्राफीत तीन ठिकाणी अडथळा निघाला. डॉक्टर म्हणाले, मैदानावर कधीही काहीही झालं असतं. पुण्याहून मुलगा आला आणि ऑपरेशनसाठी वडिलांना घेऊन गेला. ज्या पुण्याला जायचं नाही म्हणून एवढा खटाटोप, तिथेच. जाताना गुरुजींनी घराची किल्ली अण्णांच्या हातात दिली आणि जाईला पाणी घालायला सांगितलं. आम्हाला वाटलं, संपलं. माणूस वाचला, पण आमचा राहिला नाही.

ते चार महिने अण्णा रोज सकाळी जाईला पाणी घालायचे आणि एकटेच मैदानाला फेऱ्या मारायचे. थर्मास नाही, पुकारा नाही. गुरुजींना फोन करायची त्यांना लाज वाटायची. मलाच विचारायचे, तो बराय का? मी बराय म्हटलं की 'हाव, बरं' म्हणून फोन आईकडे द्यायचे.

मग एक दिवस आईचा फोन आला की गुरुजींच्या दारात गाडी उभी आहे. मुलगा त्यांना परत घेऊन आला होता. तिकडे तब्येत सुधारली, पण माणूस जेवेना, बोलेना, बाल्कनीत उभा राहून खालच्या गाड्या मोजायचा. मुलगा अण्णांना एका शब्दाने टाकून बोलला नाही. एवढंच म्हणाला, काका, यांना रोज थोडं चालवा, तुमच्यासोबत. यांची यांना चालू द्या आणि तुमची तुम्ही चाला. अण्णांनी त्याचे हात धरले आणि सोडायला तयार होईनात, असं आईने सांगितलं.

त्यानंतर ते दोघे नऊ वर्षं त्या मैदानावर चालले. तीन फेऱ्या, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या. अभ्यास पूर्ण झाला, छापूनही आला. त्यात एका कोपऱ्यात अर्धी ओळ आहे, एका सहभागीची माहिती वगळण्यात आली आहे अशी. ती अर्धी ओळ मी अण्णांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, एक कुठला, दोघं हाव की आम्ही. डबी कुणाच्या कामाची उरली नव्हती, डॉक्टरांनी ती मलाच देऊन टाकली. मी ती अण्णांना दिली. त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवली, गुरुजींनी त्यांच्याकडेच राहू दिलेल्या किल्लीच्या शेजारी.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. हार्टने नाही गेले, हार्ट त्यांचं शेवटपर्यंत घोड्याचं होतं. न्यूमोनियाचं निमित्त झालं. आई माझ्याकडे नांदेडला आली आणि घर बंद पडलं. मी अजून तेच काम करते. आता नव्या पोरींना शिकवते की घरात गेल्यावर कागद लगेच काढायचा नाही. आधी बसायचं, चहा घ्यायचा, जाईचं विचारायचं. त्या हसतात, की मॅडम, जाई कुणाची? हसू देत.

गेल्या महिन्यात घर उघडून झाडलोट करायला लातूरला गेले होते. सकाळी मैदानावर गेले तर गुरुजी काठी टेकत फेरी मारत होते. कमरेला ती काळी डबी. अण्णा गेले त्या दिवसांत आईने दिली म्हणे. तिचा सेल कधीच मेलाय. तीन फेऱ्या झाल्या, मला वाटलं आता बसतील. ते कट्ट्यापाशी थांबले, दम खाल्ला आणि पुन्हा निघाले.

म्हटलं, गुरुजी, तीनच ना? ही कुठली काढली?

"ही कंट्रोलरची. त्यानं माझी चालली, मी त्याची चालतो."

मी त्यांचा हात धरून सोबत निघाले. अर्ध्या मैदानापर्यंत आलो. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, माझ्या तोंडून तोच जुना प्रश्न निघाला, अगदी कागदावर छापलेला तसा. गेल्या महिन्यात तुम्हाला किती वेळा अस्वस्थ वाटलं? मला वाटलं, हसतील आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवतील.

गुरुजी थांबले. लिंबाखालच्या रिकाम्या कट्ट्याकडे बघत म्हणाले,

"रोज वाटतं, माय. या फेरीला रोज."

मी त्यांना कट्ट्यावर बसवलं आणि त्यांच्या शेजारी बसले. उरलेली अर्धी फेरी आम्ही उन्हं वर आल्यावर, हळूहळू चालून पुरी केली.